उजवी बाजू

विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवणाऱ्या फादरांना पाठीमागे सगळे 'फादर पण' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि राग तर यायचा नाहीच, उलट आतून थोडं बरंच वाटायचं. कुणी छातीठोकपणे काही सांगितलं की फादर चष्मा कपाळावर चढवून आधी 'बरोबर' म्हणायचे आणि मग एक श्वास घेऊन 'पण' म्हणायचे. या 'पण'च्या जोरावर त्यांनी त्या कॅथलिक विद्यापीठात सव्वीस वर्षं काढली होती.

मंगळवारी त्यांचा जोडतास असायचा, अकरा ते एक. पहिल्या तासाला फादर टेबलाच्या डाव्या अंगाला उभे राहत आणि चर्चच्या शिकवणीविरुद्ध जेवढं म्हणून बोलता येईल तेवढं बोलत. हातचं राखून काही नाही. नास्तिकालाही सुचणार नाहीत असे मुद्दे ते शोधून आणत. मग दहा मिनिटं चहा. मग टेबलाच्या उजव्या अंगाला येऊन आपलंच म्हणणं एकेक करून खोडून काढत. डावी बाजू, उजवी बाजू. हजेरी मुद्दाम दुसऱ्या तासाला घेत, कारण डावी बाजू ऐकून पळणारा विद्यार्थी म्हणजे औषध अर्ध्यावर सोडणारा रोगी, असं त्यांचं मत होतं.

त्या मंगळवारी मात्र विद्यार्थी सगळे जागेवर होते. पळाले ते फादर.

विषय नेहमीचाच होता. एक माणूस बेशुद्ध पडलेला आहे, उठण्याची आशा नाही, पोटात नळी घालून अन्नपाणी चाललंय. बायको विचारते, हे थांबवू का? शिकवण सांगते की अन्नपाणी हा उपचार नव्हे, ती साधी माणुसकी आहे, ती द्यायचीच. फादर डावीकडे उभे राहिले आणि त्या बायकोच्या तोंडून बोलू लागले. कागदाकडे एकदाही पाहिलं नाही. 'तुमचं तत्त्व अंथरुणाशेजारी बसत नाही, मी बसते', असं ते म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. नर्सिंगच्या दोन मुलींनी डोळे पुसले. पन्नास मिनिटांनी फादर चहाला गेले आणि तिथून तसेच आपल्या खोलीवर. उजवी बाजू पुढच्या मंगळवारी, असा निरोप तेवढा आला.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. मनात काही वाईट नव्हतं, तापानं झोपलेल्या मैत्रिणीसाठी घेतलं होतं. मैत्रिणीनं मावशीला पाठवलं, मावशीनं तिच्या प्रार्थना मंडळाला, आणि वाटेत कुणीतरी त्याला मथळा चिकटवला की कॅथलिक विद्यापीठात माणसं उपाशी मारायला शिकवतात. गुरुवारी ते बिशपांच्या घरी पोचलं. शुक्रवारी फाटकाबाहेर वीसेक माणसं जपमाळ घेऊन उभी राहिली. त्यांच्यासमोर काही विद्यार्थी फादरांच्या नावाचा जयजयकार करणारे फलक घेऊन उभे राहिले. खिडकीतून हे पाहताना फादरांना, खरं सांगायचं तर, शिव्या देणाऱ्यांपेक्षा जयजयकार करणाऱ्यांचीच जास्त धास्ती वाटली.

कुलगुरूंनी त्याच दुपारी बोलावून घेतलं. कुलगुरू म्हणजे फादर व्हायला शिकवतात त्या सेमिनरीतला त्यांचा बाकसोबती. चाळीस वर्षांपूर्वी दोघं एका लोट्यानं अंघोळ करायचे, आता एकजण रुंद टेबलामागे बसायचा, एवढाच फरक. दार लागल्याबरोबर कुलगुरूंनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हसले. यात काय मोठं आहे, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या जगाला माहीत आहे की तू आधी डावी बाजू मांडतोस. उजवी लिहून आण, चार पानं पुरेत. मंगळवारी नऊ वाजता समिती, तिथं ती वाचू, बिशपांचे वकील मान डोलावतील, अकराला तू वर्गावर.

"आणि नाही आणली तर?" फादरांनी विचारलं.

कुलगुरूंचं हसू जरा उतरलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं त्यांच्या स्वतःच्या नावाचं बिशपांचं पत्र चौकटीत लावलेलं होतं. तसंच एक फादरांच्या खोलीतही होतं. ते पत्र असेल तरच त्या विद्यापीठात देवाधर्माचं शिकवता येई. पत्र काढून घेतलं की त्या क्षणापासून वर्गाचं दार बंद. फादरांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

शनिवारी सकाळी ते लिहायला बसले. दुपारपर्यंत त्यांनी नऊ वेळा पहिलं वाक्य लिहिलं. वाक्य बरोबर होतं, पुस्तकात असतं तसं. पण त्याच्याखाली दुसरं उभंच राहीना. याचं कारण फादरांना चांगलं माहीत होतं, आणि म्हणूनच ते मंगळवारी पळाले होते. त्या दिवशी डावीकडे उभं राहून ते जे बोलले, त्यातलं एक अक्षरही त्यांचं नव्हतं. ते सगळं त्यांच्या ताईचं होतं.

तीन वर्षांपूर्वी ताईचे यजमान असेच पडले होते. ताईनं धाकट्या भावाला, म्हणजे फादरांना, पत्र लिहून विचारलं होतं की नळी थांबवू का. फादरांनी उत्तर पाठवलं, नाही. ताईनं ते पाळलं. भाऊजी आणखी चौदा महिने तसेच होते. फादर महिन्यातून एकदा जात, चार वाजता, कपाळाला तेल लावून आशीर्वाद देत आणि साडेचारला निघत. नळीतून भरवायची वेळ पाचची असे. भाऊजी गेल्यावरही ताई कधी काही बोलली नाही. दोन महिन्यांपूर्वी, एका साध्या दुपारी, भाजी निवडता निवडता ती एकदाच बोलली, तासभर, आणि मग उठून हात धुतले. फादर तेव्हा गप्प बसले. वर्गात हा विषय घेतला तर उत्तर सापडेल, असं त्यांना वाटलं होतं. सव्वीस वर्षं नेहमी सापडत आलं होतं.

चर्चमधली रविवारची मिस्सा झाली आणि फादर बस पकडून ताईकडे गेले. ताई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला लटकवलेले दुसऱ्यांचे अर्धवट शर्ट, आणि ज्या कोपऱ्यात भाऊजींची खाट होती तिथं आता इस्त्रीचं टेबल. तिनं भावाकडे पाहिलं आणि मशीन चालूच ठेवलं. फादरांनी घसा साफ करून सगळं सांगितलं. समिती, चार पानं, मंगळवार. शेवटी म्हणाले की लिहिता येत नाहीये.

"लिहायचं कशाला? लिहून झालंय की." ताईनं दोरा तोडला. मशीनचा खण ओढून बॉबिन आणि बटणांच्या डब्याखालून एक लिफाफा काढला. "ही घे तुझी उजवी बाजू. चारच पानं आहेत. तुला चालेल. मी चौदा महिने चालवली."

फादरांनी लिफाफा हातात घेतला पण उघडला नाही. ताई शर्टाची बाही उलटी करून शिवण तपासत राहिली. शेजारणीनं ते मोबाइलवरचं आपल्याला ऐकवलं, हे तिनं अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. स्वैपाकघरात उभ्यानं ऐकलं म्हणाली, कढई गॅसवर होती.

"मी बोलले तेव्हा तू भिंतीकडे बघत होतास, धाकट्या. पोरांसमोर मात्र काय छान बोललास. मला वाटलं, हा माणूस मला तेव्हा का नाही भेटला?"

फादरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तसाच खाली घेतला. ते उठले. ताईनं जेवून जा म्हटलं नाही, आणि हे त्या घरात कधी झालं नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी खोलीचं दार लावून ताईला पाठवलेलं आपलंच ते पत्र वाचलं. आणि वाईट गोष्ट अशी की पत्र उत्तम होतं. एक शब्द इकडचा तिकडे करायची गरज नाही. मुद्दे एकामागून एक शिस्तीत आलेले, भाषा स्वच्छ, शेवट प्रार्थनेनं. समितीसमोर हेच ठेवलं तर दहा मिनिटांत सगळं निपटलं असतं. फादरांना क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लगेच शरम वाटली. मग त्यांच्या ध्यानात आलं की चार पानांत भाऊजी कुठेच नाहीत. आहे तो 'रुग्ण'. रुग्णाला, रुग्णाचे, रुग्णाकडून. सख्ख्या बहिणीला तिच्या नवऱ्याबद्दल लिहिताना फादरांनी 'रुग्ण' लिहिलं होतं. एकदा नाही, एकोणीस वेळा.

त्यांनी कपाटातून ताईचं पत्रही काढलं. विद्यापीठाच्या हॉस्पिटलातली कुटुंबंही असे प्रश्न घेऊन येत आणि फादर त्यांना लेखी उत्तरं देत. त्यांची एक सवय होती आणि ती ते दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांनाही लावत. कुठलंही प्रकरण हातात आलं की दोन टोकांची पेन्सिल घ्यायची, निळं टोक आणि लाल टोक. घडलेल्या गोष्टींखाली निळी रेघ. माणसाच्या दुःखा-रागाखाली लाल रेघ. लाल बाजूला ठेवायचं, निळ्यावर विचार करायचा. भावनेच्या भरात निर्णय होऊ नये म्हणून. ताईच्या पत्रावरही त्यांनी तेव्हा तशा रेघा मारल्या होत्या. किती तारखेला पडले, डॉक्टर काय म्हणाले, ते निळं. झोप लागत नाही, देव दिसत नाही, ते लाल. आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक लांब वाक्य होतं: 'मला आता बघवत नाही रे, नळीतून घातलेलं तासाभरात सगळं बाहेर येतं, अंगी काहीच लागत नाही, नुसते कण्हतात.' वाक्याची सुरुवात 'मला आता बघवत नाही' अशी होती. फादरांनी ते संपूर्ण वाक्य लालनं अधोरेखित केलं होतं.

ते कितीतरी वेळ त्या लाल रेघेकडे पाहत बसले. शिकवण त्यांना तोंडपाठ होती, आणि त्या शिकवणीतच पुढे लिहिलेलं आहे की शरीर अन्न घेत असेल तोवर. घेतच नसेल, त्यानं नुसती यातनाच होत असेल, तर तो आग्रह धरायचा नाही. हे ते दरवर्षी वर्गाला सांगत. विचारायचा होता तो एकच प्रश्न, अन्न अंगी लागतंय का, आणि त्याचं उत्तर ताईनं न विचारताच लिहून पाठवलं होतं. चर्च चुकलं नव्हतं. ताई चुकली नव्हती. चुकला होता पेन्सिलवाला.

मग फादरांनी पेन्सिल घेतली आणि आपल्या पत्रातला पहिला 'रुग्ण' खोडून वर 'भाऊजी' लिहिलं. दुसरा खोडला. सातव्याला त्यांचा हात थांबला, कारण ते वाक्य असं होतं की भाऊजींची होणारी चिडचिड व क्लेश हे आपण प्रभूच्या चरणी वाहावेत. खुर्चीतून उठून ते खिडकीपाशी गेले, परत आले आणि उरलेले बारा खोडले.

मंगळवारी नऊच्या समितीत तिघं होते. कुलगुरू, बिशपांचे वकील आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलच्या मेट्रन सिस्टर. वकील म्हणजेही फादरच, पण अंगावर इस्त्री इतकी कडक की कुणी जवळ जाऊन फादर म्हणायला धजू नये. सिस्टर कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. फादरांनी चार पानं टेबलावर ठेवली. कुलगुरूंचा चेहरा खुलला. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्यांना ते माहीत होतं, म्हणून वाचायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

पहिलं पान वाचताना वकिलांची मान हलू लागली. त्या पानावर नुसतं तत्त्व होतं, माणूस नव्हताच. दुसऱ्या पानावर कुलगुरू अडखळले.

"'मरेपर्यंत रुग्णाचा'... इथं काहीतरी खोडलंय... 'मरेपर्यंत भाऊजींचा मान'..." त्यांनी वर पाहिलं. "कोण भाऊजी?"

"तू ओळखतोस," फादर म्हणाले.

कुलगुरू ओळखत होते. सेमिनरीच्या सुट्टीत दोघं ताईकडे राहायला जात तेव्हा भाऊजींनीच त्यांना सायकल शिकवली होती, एकाला पुढे धरून आणि दुसऱ्याला शिव्या देऊन. कुलगुरूंनी पान खाली ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

मग फादरांनी सगळं सांगितलं. पत्र कुणाला लिहिलं होतं, आपण काय वाचलं, काय वाचूनही बाजूला ठेवलं. ताईच्या पत्राचं दुसरं पान त्यांनी वकिलांपुढे सरकवलं आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. वकिलांनी ते दोनदा वाचलं. माणूस हुशार होता, त्यांना लगेच कळलं. म्हणजे शिकवणीशी तुमचा काही वाद नाही ना, असं त्यांनी विचारलं. नाही, फादर म्हणाले. मग प्रश्नच मिटला, वकील म्हणाले. घरचं दुःख घरी ठेवा. ही खोडाखोड काढा, स्वच्छ प्रत करा, खाली सही करा, अकराला वर्गावर जा.

"करतो," फादर म्हणाले. "पण उजव्या बाजूत हेही यायला हवं की नियम बरोबर होता आणि तो लावणारा चुकला. लावणारा मी होतो. हे मी अकरा वाजता वर्गाला सांगणार."

कुलगुरूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आता त्यांच्या आवाजात बाकसोबती उरला नव्हता. "तुम्हाला कळतंय का फादर, तुम्ही काय बोलताय? हॉस्पिटलातल्या साठ कुटुंबांना तुम्ही अशी पत्रं दिलीत. उद्या ती सगळी दारात येतील, विचारतील, आमच्या माणसाचं काय?"

"यायलाच हवीत."

बाहेर फाटकावर जपमाळ चालू होती, तिचा एकसुरी आवाज आत येत होता. शेवटी वकिलांनी कागद नीट रचले. गेल्या मंगळवारच्या भाषणाबद्दल आपण काही म्हणत नाही, ते म्हणाले, ते पद्धतीचा भाग होतं असं धरता येईल. मात्र दिलेल्या उत्तरांवरचा लोकांचा विश्वास असा भर वर्गात उडवू देता येणार नाही. आज, याच क्षणी, बिशपांचं शिकवण्याचं पत्र परत करावं. फादरांना हसूच यायचं बाकी होतं. डाव्या बाजूबद्दल माफी होती. शिक्षा झाली ती उजवी पूर्ण केल्याबद्दल.

"साठ नाही," कोपऱ्यातून मेट्रन सिस्टर पहिल्यांदाच बोलल्या. "त्रेसष्ट. प्रती माझ्या कपाटात आहेत. मी काढून ठेवते. फादर, तुम्ही उद्या या."

वकिलांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. सिस्टरांनी मान खाली घातली नाही.

फादर खोलीवर गेले, भिंतीवरची चौकट काढली, पत्र काढून कार्यालयात दिलं. अकरा वाजून गेले होते. वर्गाच्या दाराच्या काचेतून त्यांनी पाहिलं. एक बाकही रिकामा नव्हता. पहिल्या बाकावरची ती मोबाइलवाली मुलगी रडून सुजलेल्या डोळ्यांनी टेबलाच्या उजव्या अंगाकडे बघत होती, जिथं कुणी नव्हतं. आत जाऊन दोन शब्द बोलायला पाच पावलं पुरली असती. पण तिथं बोलायची परवानगी त्यांनी पंधरा मिनिटांपूर्वी आपल्या हातानं परत केली होती, आणि फादर नियम मोडणारे नव्हते. एक तरुण प्राध्यापक तास रद्द झाल्याचं सांगायला येताना दिसला तेव्हा ते वळून चालू लागले.

ताई मशीनवरच होती. फादर दारात उभे राहिले. वर्ग गेला, असं त्यांनी सांगितलं. ताईचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. तिनं शेजारच्या खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांना बसायला जागा केली.

फादर बसले. सवयीनं हात खिशात गेला, पेन्सिल लागली, तो तसाच बाहेर काढला. मग समोरच्या कोपऱ्याकडे, जिथं खाट होती तिथं, त्यांनी नीट पाहिलं.

"ताई, भाऊजी शेवटी शेवटी कसे होते गं? भरवायच्या वेळी?"

ताईनं भावाकडे पाहिलं. हा प्रश्न ऐकायला तिनं तीन वर्षं वाट पाहिली होती. पदरानं तोंड पुसून तिनं खुर्ची फादरांकडे वळवली.

"पाचला सुरू करायचे मी," ती म्हणाली. "आधी हात कोमट पाण्यात धरायचे, म्हणजे त्यांना गार लागू नये..."

ती दिवेलागणीपर्यंत बोलत होती. दोनदा रडली, एकदा हसलीही. फादर ऐकत राहिले. त्यांनी मध्ये एकदाही 'पण' म्हटलं नाही.